अर्ध्यामुर्ध्या डोसवर पार्किन्सन्सचं निदान पडताळता येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो, तोही मांडीवर निवांत ठेवलेला असताना. त्याआधी सहा-आठ महिने उजवा खांदा दुखत होता. शेक, मालिश, व्यायाम सगळं करून झालं, खांदा काही सुटला नाही. न्यूरॉलॉजिस्टनी पंधरा मिनिटं तपासून पार्किन्सन्स सांगितला आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली. मनाचं समाधान व्हावं म्हणून तुम्ही एमआरआय करून घेतला, तो नॉर्मल आला. त्यात काका म्हणाले की ही गोळी पाचच वर्षं काम करते, आत्ताच संपवू नका. म्हणून गेले दोन महिने बाबा दिवसाला एकच गोळी घेतात, रात्री जेवल्यावर. कंप होता तसाच आहे. म्हणजे निदान चुकलं का?

मी बावीस वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, रुग्ण बरेच. तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, निदान बरोबर आहे का. दुसरा, गोळी आत्ता घ्यावी की राखून ठेवावी. आणि अडचण अशी की दुसऱ्या प्रश्नाची भीती वाटून तुम्ही जे केलंत, त्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची सगळ्यात सोपी वाट बंद झाली. लेव्होडोपा नीट, पुरेशा डोसमध्ये दिल्यावर माणूस मोकळा होतो का, हा निदान पडताळण्याचा एक मोठा पुरावा असतो. रात्री जेवणावर घेतलेली एक गोळी हा पुरावा देऊच शकत नाही. ती लागू पडली नाही यावरून पार्किन्सन्स आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही.

मी बाबांना पाहिलेलं नाही, तेव्हा निदान बरोबर आहे की चूक हे मी इथून सांगणार नाही. पण डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत काय पाहिलं असेल, कुठे चूक होऊ शकते आणि ती कशी पकडायची, एवढं नक्की सांगू शकते.

आधी तो एमआरआय. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या मध्यभागी, खोलवर, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या छोट्याशा काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत जातात. या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचालीचा वेग, पल्ला आणि सहजपणा त्यावर अवलंबून असतो. लक्षणं दिसायला लागतात तेव्हा मेंदूतल्या त्या भागाचा डोपामिनचा पुरवठा निम्म्याहून जास्त घटलेला असतो. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, पेशींनी केलेलं रसायन दाखवत नाही. घराचा नकाशा पाहून घरात वीज आहे की नाही ते कळत नाही, तसंच. म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. आम्ही तो सांगतो ते दुसरं काही नाही ना हे बघायला: छोटे छोटे स्ट्रोक, मेंदूत साठलेलं पाणी, गाठ. तुमचा नॉर्मल रिपोर्ट निदानाच्या विरोधात जात नाही, उलट या तीन शंका मिटवतो. पैसे वाया गेले असं समजू नका.

डॅट स्कॅन नावाची एक वेगळी तपासणी आहे, तिच्यात डोपामिनच्या पेशींची टोकं किती शिल्लक आहेत ते दिसतं. कंप पार्किन्सन्सचा आहे की इसेन्शियल ट्रेमरचा (हा काम करताना येणारा वेगळा कंप, त्याबद्दल पुढे सांगते), किंवा औषधामुळे आलेला आहे का, असा खरोखर पेच पडला तर तिचा उपयोग होतो. पण पार्किन्सन्ससारखेच दिसणारे जे दुसरे दोन-तीन आजार आहेत, त्यांच्यातही ती बिघडलेलीच येते, त्यामुळे ते वेगळे करायला तिची मदत होत नाही. मी ती क्वचितच सांगते.

मग निदान होतं कशावर? डोळ्यांवर आणि हातांवर. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, त्यात सहाच रुग्ण होते. त्यातले दोघे त्यांना रस्त्यात भेटलेले आणि एकाला तर त्यांनी फक्त लांबून पाहिलं होतं. दोनशे वर्षांनंतरही निदानाची पद्धत मुळात तीच आहे, आम्ही फक्त काय बघायचं ते जास्त नेमकं शिकलो.

तुमचे बाबा दारातून खुर्चीपर्यंत चालत आले तेव्हाच डॉक्टरांची निम्मी तपासणी झाली असणार. चालताना उजवा हात झुलतो का, की कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटून राहतो? वळताना एका झोकात वळतात की चार-पाच छोटी पावलं टाकून? पापण्या किती कमी लवतात? मग अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितलं असेल, मोठी आणि भराभर. ही साधी कृती फार बोलकी असते. वयोमानाने मंद झालेला माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मंद असतो. पार्किन्सन्समध्ये पहिली पाच-सहा आपटणी बऱ्यापैकी मोठी होतात, मग बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं, मध्येच एखादा अडखळा येतो. हा उतार दिसणं म्हणजे ब्रॅडिकायनेसिया, आणि त्याशिवाय पार्किन्सन्सचं निदान करायचं नाही असा नियम आहे. त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी किमान एक तरी हवं. कंप सगळ्यांना असतोच असं नाही. साधारण चारातल्या एकाला सुरुवातीला तो नसतो, आणि अशांचं निदान सगळ्यात उशिरा होतं, कारण घरचे म्हणत राहतात, 'वय झालं.'

खांद्याचं तुम्ही सहज लिहिलंत, मला मात्र तेच महत्त्वाचं वाटलं. कंप सुरू होण्याआधी त्याच बाजूचा खांदा आखडणं आणि दुखणं ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी स्वतःहून विचारते. हात झुलणं थांबतं, स्नायू कायम ताठ राहतात, खांदा धरतो. रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरकडे जातो, मग फिजिओथेरपिस्टकडे, आणि आमच्याकडे वर्षाने पोहोचतो. आणखी काही जुन्या खुणा विचारून बघा. वास कमी येतो का? बद्धकोष्ठता कधीपासून? आणि आईंना विचारा, बाबा झोपेत ओरडतात का, स्वप्नात भांडल्यासारखे हातपाय झाडतात का? हे बाबांना स्वतःला माहीत नसतं. पार्किन्सन्सच्या कित्येक रुग्णांत झोपेतली ही मारामारी कंपाच्या आधी अनेक वर्षं चालू असते, आणि घरात ती विनोदाचा विषय झालेली असते.

आता चूक कुठे होते ते. लंडनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला विद्यार्थिदशेतच ऐकवतात: हयातीत न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स म्हणून निदान केलेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा ७६ जणांतच तो निघाला. त्यानंतर निकष सुधारले आणि अचूकपणाही वाढला, पण पहिल्याच भेटीत शंभर टक्के खात्री देणाऱ्या डॉक्टरबद्दल मला थोडी धाकधूकच वाटते. निदान पहिल्या दिवशी मांडलं जातं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पक्कं होत जातं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो इसेन्शियल ट्रेमरशी. त्यात कंप काम करताना येतो: पेला उचलताना, लिहिताना, हात पुढे धरल्याबरोबर. दोन्ही हातांत असतो, कधी मानेत आणि आवाजातही, आणि बऱ्याचदा वडिलांकडून किंवा आईकडून आलेला असतो. त्यात अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं होतं. पार्किन्सन्समध्ये अक्षर ओळ पुढे सरकेल तसं बारीक होत जातं. पार्किन्सन्सचा कंपही हात पुढे धरल्यावर दिसू शकतो, पण हात उचलल्यावर तो काही सेकंद थांबतो आणि मग परत सुरू होतो. तेवढ्या विरामाची वाट पाहायला लागते. तुम्ही लिहिलेलं वर्णन, एका हातात आणि मांडीवर ठेवलेला असताना, हे इसेन्शियल ट्रेमरपेक्षा पार्किन्सन्सकडे झुकतं.

दुसरा घोळ औषधांचा: काही औषधांनीच पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. इथे माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका बाईंना मी दीड वर्ष पार्किन्सन्सची औषधं देत होते. 'आणखी कुठली औषधं चालू आहेत?' हे मी दर वेळी विचारायचे आणि त्या दर वेळी 'फक्त बीपीची' म्हणायच्या. एके दिवशी सून बरोबर आली आणि तिने पर्स टेबलावर रिकामी केली. त्यात पित्ताची एक कॅप्सूल होती, त्या ती तीन वर्षं रोज घेत होत्या. त्यात लेव्होसल्पिराइड होतं. पित्ताच्या गोळीला त्या औषध समजतच नव्हत्या, आणि मी 'औषध' हाच शब्द वापरत होते! कॅप्सूल बंद केली, पाच महिन्यांत ताठरपणा गेला, कंप गेला, आणि हळूहळू माझ्या गोळ्याही गेल्या. तेव्हापासून मी औषधांची चौकशी करत नाही, घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणायला सांगते.

म्हणून तुम्हीही बाबांच्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. पित्ताच्या आणि पचनाच्या गोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि मायग्रेनसाठी दिलं जाणारं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीचं प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरची अनेक औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट. यांपैकी काही सापडलं तर स्वतःहून बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराचं किंवा फिट्सचं. डॉक्टरांना दाखवा. औषध थांबवल्यावर परिणाम ओसरायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. ओसरलाच नाही तर आतला पार्किन्सन्स औषधाने फक्त उघडा पाडला होता असं समजायचं.

तिसरा गट म्हणजे पार्किन्सन्सची सोंगं घेणारे अवघड आजार, पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी) हे त्यातले मुख्य. त्यांची नावं वाचून इंटरनेटवर शोधत बसू नका, रात्रीची झोप जाईल. फक्त या गोष्टी आहेत का ते बघा: पहिल्या दोन-तीन वर्षांतच वारंवार पडणं, खाली किंवा वर बघताना डोळे न हलणं, उभं राहिल्यावर रक्तदाब इतका उतरणं की माणूस बेशुद्ध पडतो, सुरुवातीपासून लघवीवर ताबा नसणं, दोन्ही बाजू अगदी सारख्या बाधित असणं, आणि भरपूर लेव्होडोपा देऊनही काहीच फरक न पडणं. यातलं एखादं असेल तर मी निदान पुन्हा उघडते. रुग्ण चाळिशीच्या आतला असता तर मी विल्सन्स डिसीजसाठी, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याच्या आजारासाठी, तांब्याच्या तपासण्याही केल्या असत्या. बाबांच्या वयात ते लागत नाही.

आता 'पाच वर्षांची गोळी' या समजुतीकडे येऊ. तिच्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ती टिकून राहिली आहे.

लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, पण ते शरीरात फार वेळ टिकत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. तरीही सुरुवातीच्या वर्षांत तीन गोळ्यांवर माणूस दिवसभर चांगला राहतो. कारण उरलेल्या पेशी ते साठवून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. घराच्या गच्चीवर टाकी असली की नळाला दिवसातून तीनदा पाणी आलं तरी दिवसभर पुरतं. आजार पुढे सरकतो तशी टाकी लहान होत जाते. मग नळाला पाणी असेल तेवढाच वेळ घरात पाणी: गोळी घेतल्यावर तासाभरात माणूस मोकळा होतो आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा आवळून येतो. काहींना गोळी चढल्यावर नको तितक्या, नाचल्यासारख्या हालचाली होतात. हे साधारण काही वर्षांनी दिसायला लागतं, आणि लोक म्हणतात गोळीचा असर संपला. खरं तर गोळी तीच आहे, टाकी आटली आहे. गोळी न घेता घालवलेल्या वर्षांतही टाकी आटतच असते.

याचा पुरावा फार दुर्दैवी मार्गाने मिळाला. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. घानामध्ये औषध सहज मिळत नसल्याने लोकांना लेव्होडोपा सुरू व्हायला आजार सुरू झाल्यापासून सरासरी चार वर्षं लागत होती, इटलीत ते बरंच लवकर मिळत होतं. काकांचं म्हणणं खरं असतं तर घानातल्या लोकांना चढउताराचा त्रास उशिरा व्हायला हवा होता. तसं झालं नाही. आजाराला जितकी वर्षं झाली होती त्यानुसारच तो त्रास दोन्हीकडे आला, म्हणजे घानात गोळी सुरू केल्यावर फारच लवकर. उशिरा सुरू करून त्यांच्या हाती काही उरलं नाही, फक्त मधली चार वर्षं ताठरलेल्या अंगाने गेली. पुढे नेदरलँड्समधल्या २०१९ सालच्या चाचणीत एका गटाला लगेच आणि दुसऱ्याला ४० आठवड्यांनी लेव्होडोपा सुरू केलं. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारख्याच ठिकाणी होते. लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, बिघडलाही नाही.

यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे? वय आहे. पन्नाशीच्या आतल्या रुग्णात त्या नाचऱ्या हालचाली लवकर आणि जास्त येतात, म्हणून तिथे मी आधी दुसऱ्या औषधांचा विचार करते किंवा लेव्होडोपा कमीत कमी ठेवते. कामधंदा आहे. ज्याला आजाराचा दैनंदिन आयुष्यात काही अडथळा होत नाही, त्याला गोळीची घाईही नाही. थांबायचं असेल तर त्रास नाही म्हणून थांबा, साठा वाचवायचा म्हणून नको. ६६ वर्षांच्या, उजव्या हाताला त्रास असलेल्या आणि खांदा धरलेल्या माणसाला मी लेव्होडोपाच दिलं असतं, तुमच्या डॉक्टरांनी दिलं तसंच.

मग ते दोन महिने लागू का पडलं नाही? तीन कारणं दिसतात आणि तिन्ही घड्याळाशी, जेवणाशी आणि मापाशी संबंधित आहेत. रात्रीची गोळी बाबा झोपेत असताना काम करते आणि ते उठेपर्यंत उतरलेली असते. ती काय करते ते बघायला कुणी जागंच नसतं. दुसरं, पोट भरलेलं असताना ती हळू शोषली जाते, आणि प्रथिनांचे घटक आतड्यात आणि मेंदूच्या दारात लेव्होडोपाशी जागेसाठी भांडतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास किंवा नंतर दीड-दोन तासांनी घ्यायची. लोहाची गोळी चालू असेल तर तीही दोन तास लांब ठेवा. तिसरं, सोबतच्या कार्बिडोपाचं काम लेव्होडोपाला मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी तुटू न देणं हे आहे, आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. एका गोळीत, ताकदीनुसार, ते १० किंवा २५ मिलिग्रॅमच असतं. म्हणजे एकच गोळी घेणाऱ्याला फायदा कमी आणि मळमळ जास्त.

पुरेसा डोस म्हणजे किती? सुरुवातीच्या आजारात बहुतेकांना दिवसाला ३०० ते ४०० मिलिग्रॅम लेव्होडोपावर फरक कळतो. पण 'लागू पडत नाही' असा निर्णय देण्याआधी आम्ही सोसेल तसं हळूहळू वाढवत काही आठवडे तब्बल १००० मिलिग्रॅमपर्यंतही जाऊन बघतो. तो आकडा मी तुम्हाला घरी वापरायला देत नाहीये. दोन महिन्यांच्या एका गोळीवरून निष्कर्ष का काढता येत नाही ते कळावं म्हणून सांगते. आता तीन गोळ्यांवर जायचं ते डॉक्टरांना फोन करून, त्यांनी सांगितलेल्या टप्प्यांनी. सुरुवातीला मळमळ झाली तर तसं त्यांना सांगा. त्यावर डोम्पेरिडोन चालू शकतं, हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी. मेटोक्लोप्रमाइड मात्र नको, ते या आजारात तेल ओतल्यासारखं आहे. उठताना चक्कर येते का तेही बघा.

आणखी एक गोष्ट, आणि हीच घरच्यांना सर्वांत चकवते: परिणाम कंपावर मोजू नका. कंप हा या आजाराचा सगळ्यात दिसणारा आणि गोळीला सगळ्यात बेभरवशाचा प्रतिसाद देणारा भाग. एखाद्याचा हात थरथरतच राहतो, पण तो शर्टाची बटणं स्वतः लावायला लागतो, अंथरुणात कूस बदलायला कुणाला हाक मारत नाही, चालताना मागे पडत नाही. गोळी लागू पडली याचा अर्थ हा. माझ्याकडचे एक गृहस्थ 'काही फरक नाही' म्हणून तीनदा आले. चौथ्या वेळी बायको म्हणाली, 'बुटांची नाडी बांधायला मला आता बोलवत नाहीत, तेवढाच काय तो फरक!'

बाकी औषधांबद्दल थोडक्यात. रासाजिलिन सौम्य आहे, सुरुवातीला एकटं किंवा पुढे जोडीला चालतं. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं उपयोगी आहेत, पण त्यांच्यामुळे काही लोकांना जुगार, बेसुमार खरेदी, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर ओढ लागते. रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही, त्याला ते चुकीचं वाटतच नाही किंवा लाज वाटते. म्हणून ही औषधं लिहिताना मी जोडीदाराला समोर बसवून सांगते. बसल्या बसल्या अचानक झोप लागणं हाही त्यांचाच परिणाम, गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचा. ट्रायहेक्सिफेनिडिल कंपाला बरं, पण साठीनंतर विसराळूपणा, गोंधळ आणि लघवी तुंबणं यांमुळे मी ते टाळते. कुणी बाबांना ते सुरू केलं तर कारण विचारा. खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण घेऊ का, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. पण दर चमच्याला किती ते ठरलेलं नसतं आणि सोबत कार्बिडोपा नसतं. गोळीच्या जोडीला गुपचूप घेतलं तर मला डोस ठरवताच येत नाही. घेत असाल तर सांगून घ्या.

डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य वीज देण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आज करायचं कारण नाही. ती गोळीचे चढउतार औषधांनी आवरेनासे होतात तेव्हाची गोष्ट आहे. तिचा एक ठोकताळा मात्र लक्षात ठेवा: गोळी ज्याला सुधारते त्यालाच साधारणपणे शस्त्रक्रिया सुधारते. गोळीने न जाणारा तोल आणि अडखळणारं बोलणं तिनेही जात नाही. कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी तिने कमी होऊ शकतो.

व्यायामाबद्दल मात्र मी थोडी हटवादी आहे. ज्याने आजाराची गती कमी होते असं सिद्ध झालेलं एकही औषध आज आमच्याकडे नाही. घाम येईल, बोलताना धाप लागेल अशा वेगाने आठवड्यातून तीन-चारदा चालणं किंवा सायकल, जोडीला ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, हे पहिल्या महिन्यापासून सुरू करा, हृदयाची तपासणी करून. रमतगमत फेरफटका मारणं म्हणजे हा व्यायाम नव्हे. गोळी चढलेली असेल ती वेळ त्यासाठी धरा. खांदा सोडवायचं कामही तेव्हाच जमतं, आवळलेल्या अंगावर फिजिओथेरपिस्टने कितीही मेहनत घेतली तरी दुसऱ्या दिवशी तो परत धरलेला असतो.

आणि मन. बाबा गप्प झालेत, कशात रस घेत नाहीत, असं वाटत असेल तर 'आजार कळल्यामुळे खचले' एवढ्यावर सोडू नका. नैराश्य हा या आजाराचाच भाग असू शकतो, कंपाच्या आधीही येऊ शकतो, आणि त्याला वेगळे उपचार आहेत. चेहरा कमी हलत असल्याने नैराश्य नसतानाही बाबा उदास दिसू शकतात, हेही खरं. म्हणून चेहऱ्यावरून ठरवू नका, सरळ विचारा.

एक धोक्याची सूचना. पुढे पूर्ण डोस सुरू झाल्यावर ही गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. अचानक थांबवल्यास तीव्र ताप, अंग लाकडासारखं होणं आणि शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. दुसऱ्या कुठल्या कारणाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून नर्सच्या हातात द्या आणि ही औषधं उपाशीपोटीसुद्धा कशी चालू ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. भास झाले किंवा गोंधळ उडाला तर हॅलोपेरिडॉल (अशा वेळी नेहमी दिलं जाणारं, पण या आजारात ताठरपणा वाढवणारं औषध) देऊ नका हे आधीच सांगून ठेवा.

तर आता या आठवड्यात काय करायचं? घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी भरा. डॉक्टरांना फोन करून खरं सांगा की दिवसाला एकच गोळी चालू होती. आम्ही रागावत नाही, हे रोज ऐकतो. आम्हाला चुकीची माहिती मिळाली की मात्र आम्ही डोस वाढवत जातो किंवा निदान बदलतो. वाढवायच्या आधी, सकाळी पहिली गोळी घेण्यापूर्वी, बाबांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: दहा पावलं चालणं आणि वळून परत येणं, दोन्ही हातांची बोटं आपटणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एक बटण लावणं. पूर्ण डोसवर सहा ते आठ आठवडे झाल्यावर, दिवसातली दुसरी गोळी घेऊन तासाभराने तसाच व्हिडिओ परत काढा. दोन्ही व्हिडिओ डॉक्टरांना शेजारी शेजारी दाखवा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण ते या सहा-आठ आठवड्यांनंतर घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे बघायला काहीतरी असेल. जाताना बाबांच्या तीन-चार वर्षांपूर्वीच्या सह्या असलेले कागद आणि आत्ताच्या सह्या सोबत न्या. बाबा उजव्या हाताने लिहीत असतील तर सही कुठल्या महिन्यापासून बारीक व्हायला लागली हे त्या कागदांवर तारखेसकट सापडेल, आणि मला नेहमी असं दिसलंय की ती तारीख घरच्यांनी सांगितलेल्या तारखेच्या बरीच आधीची निघते.